अँजिओप्लास्टीनंतर चारधाम: बाबांना केदारनाथला न्यावे का?

पुण्याच्या एका ताईंचा प्रश्न थोडक्यात असा: बाबा ६६ वर्षांचे. जानेवारीत हार्ट अटॅक आला, त्याच दिवशी अँजिओप्लास्टी झाली, दोन स्टेंट बसवले. टू-डी इकोमध्ये (हृदयाच्या सोनोग्राफीत) पंपिंग ४५ टक्के. दहा वर्षांपासून मधुमेह. आता घरात फिरतात, सकाळी सोसायटीत अर्धा तास चालतात, काही त्रास नाही. आई-बाबांचे चारधामचे बुकिंग अटॅकच्या आधीपासून मे महिन्याचे आहे. आईचे म्हणणे, "केदारनाथला हेलिकॉप्टरनेच तर जायचंय, चालायचं कुठे आहे?" न्यावे की नाही? आणि दिवाळीनंतर भावाकडे न्यू जर्सीला विमानाने जायचे आहे, ते चालेल का?

ताई, आधी उत्तर देतो, कारणे मागून सांगतो. या मे महिन्यात चारधाम नको. सप्टेंबरच्या शेवटी किंवा ऑक्टोबरमध्ये, तपासण्या चांगल्या आल्या तर, बद्रीनाथ जरूर करा. केदारनाथचे त्यानंतर ठरवू, आणि यमुनोत्री माझ्या मते सोडूनच द्यावी. न्यू जर्सीला मात्र जाऊ द्या. विमान त्यांना केदारनाथपेक्षा कितीतरी सोपे जाईल.

आईंचा हेलिकॉप्टरचा मुद्दा मी दर उन्हाळ्यात ऐकतो. त्यात अर्धे खरे आहे, म्हणून तो आधी घेतो. गौरीकुंडापासून केदारनाथ साधारण १६ किलोमीटर. गौरीकुंड १९८२ मीटरवर, केदारनाथ ३५८३ मीटरवर. म्हणजे एका दिवसात १६०० मीटर वर चढायचे. महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई, तेही समुद्रसपाटीपासून १६४६ मीटर. म्हणजे पायी जाणारा माणूस जवळजवळ एक अख्खे कळसूबाई चढतो, आणि चढायला सुरुवात करतो तीच कळसूबाईच्या माथ्याहून उंच जागेवरून. हेलिकॉप्टर ही चढाई वाचवते, हे खरे. पण वरची हवा ते बदलू शकत नाही. केदारनाथला हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण दोन-तृतीयांश असतो, त्यामुळे दर श्वासात मिळणारा ऑक्सिजनही तेवढ्याच प्रमाणात कमी. पायी किंवा घोड्यावरून जाणाऱ्याला ही घट निदान काही तासांत सोसायची असते. हेलिकॉप्टरमधला माणूस खालच्या गावातून उडतो आणि दहा-एक मिनिटांत थेट त्या हवेत उतरतो.

मग शरीर काय करते? ऑक्सिजन कमी पडला की ते हृदयाला जोरात पळवते. नाडी वाढते, रक्तदाब वाढतो, श्वास भरभर होतो. धडधाकट माणसालाही हे होते. ऑक्सिमीटरवर ८५ ते ९० आकडा तिथे अनेकांना दिसतो आणि घरचे घाबरतात. निरोगी हृदय हा भार उचलते आणि दोन-तीन दिवसांत शरीर सावरू लागते. पण चार महिन्यांपूर्वी ज्या स्नायूचा काही भाग अटॅकमध्ये गेला, त्याला नुसते बसून राहूनही जास्त काम पडते. त्यात हेलिपॅडपासून मंदिरापर्यंतचे चालणे, दर्शनाच्या रांगेत थंडीत तासन् तास उभे राहणे आणि उपाशीपोटी असणे हे सगळे येऊन मिळते. शिवाय ढग आले की हेलिकॉप्टर उडत नाही. परतीचे उड्डाण रद्द झाले म्हणून वरच मुक्काम पडलेले किंवा मिळेल त्या खेचरावरून उतरलेले माझेच कितीतरी रुग्ण आहेत. म्हणून मी असे धरून चालतो की जो माणूस एक रात्र केदारनाथला काढू शकेल, त्यानेच हेलिकॉप्टरचे तिकीट काढावे.

आता चार महिने का नको आणि आठ-नऊ महिने का चालतील? अटॅक किंवा अँजिओप्लास्टीनंतर अडीच हजार मीटरच्या वर जायला आम्ही साधारण सहा महिने थांबवतो, तेही रुग्णाला काही त्रास नसेल तर. या काळात स्टेंटच्या जाळीवर आतून पेशींचे अस्तर धरत जाते, अटॅकमध्ये गेलेल्या स्नायूच्या जागी घट्ट व्रण तयार होतो, आणि औषधांनी पंपिंग अनेकदा थोडे सुधारते. पंपिंगच्या आकड्याबद्दल एक सांगतो, कारण "फक्त ४५ टक्के?" म्हणून घरोघर रडारड होते. दर ठोक्याला हृदय आतले किती टक्के रक्त बाहेर ढकलते, तो हा आकडा; तो शंभरपैकी मोजायचा नसतो. निरोगी हृदयाचेच ५५ ते ६५ असते. ४५ म्हणजे थोडे कमी, फार वाईट नाही. सहा महिन्यांनी इको पुन्हा करा, ५० च्या आसपास आलेले दिसले तर मला नवल वाटणार नाही.

पण एकट्या इकोवरून मी कोणालाच डोंगरावर पाठवत नाही. इको काढतात तेव्हा माणूस निवांत पडलेला असतो. मला बघायचे असते की भार पडला की काय होते. त्यासाठी ट्रेडमिल टेस्ट, म्हणजे टीएमटी. बाबांची टीएमटी त्यांच्या डॉक्टरांच्या सल्ल्याने करून घ्या, आणि रिपोर्टमध्ये निगेटिव्ह की पॉझिटिव्ह एवढेच वाचू नका. किती मिनिटे चालले, नाडी किती वाढली, थांबले ते पाय दुखले म्हणून की दम लागला म्हणून, हे डॉक्टरांना विचारा. घरच्या घरी अंदाज घ्यायचा तर जिना आहे. नेहमीच्या चालीने, मध्ये न थांबता दोन मजले चढायचे आणि वर पोहोचल्यावर पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. सोसायटीच्या सपाट रस्त्यावर अर्धा तास चालणे चांगलेच आहे, पण त्यावरून चढाचा अंदाज येत नाही. जिन्यावर छातीत भरून आले, जबडा किंवा डावा हात दुखला, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर सहलीचा विषय बाजूला ठेवून आधी डॉक्टरांकडे जायचे.

आणखी एक तपासणी सगळे विसरतात, ती म्हणजे हिमोग्लोबिन. विरळ हवेत मिळेल तो ऑक्सिजन वाहून न्यायला रक्त भरीव लागते. रक्त पातळ करणाऱ्या दोन-दोन गोळ्या चालू असताना पोटातून थेंब-थेंब रक्त जाऊन हिमोग्लोबिन नऊवर आलेले रुग्ण मी पाहिले आहेत. त्यांना मुंबईत काही जाणवत नव्हते, वर गेल्यावर जाणवले असते. ही तपासणी स्वस्त आहे, अवश्य करा.

आता यमुनोत्रीवर एवढी फुली का, ते सांगतो. लोक केदारनाथला घाबरतात, यमुनोत्रीला नाही. यमुनोत्री ३२९३ मीटरवर आहे, म्हणजे कळसूबाईच्या बरोबर दुप्पट. जानकीचट्टीपासून पाच-सहा किलोमीटर चालायचे, आणि चढ एकदम अंगावर येणारा. बहुतेक टूरचा क्रम हरिद्वार, बडकोट, यमुनोत्री असा असतो. हरिद्वार ३१४ मीटरवर. म्हणजे दिवसभर बसमध्ये अंग आंबवून घ्यायचे, रात्री कशीबशी झोप, पहाटे चारला उठायचे, आणि शरीराला उंचीची काहीच सवय नसताना सगळ्यात खडा चढ पहिल्यांदा समोर येतो. तीन हजार मीटरच्या वर रोजचा मुक्काम आदल्या रात्रीपेक्षा पाचशे मीटरहून जास्त उंच नसावा, असा साधा नियम आहे. टूरच्या वेळापत्रकात तो पाळलेला मला क्वचित दिसतो. टूरवाल्यांना दोष देत नाही, त्यांना बारा दिवसांत चार धाम बसवायचे असतात. पण बाबांच्या हृदयाला ते वेळापत्रक लागू करू नका. स्वतंत्र गाडी करा, आई-बाबांबरोबर घरातले एक तरुण माणूस जाऊ द्या, जोशीमठला दोन रात्री राहा. जोशीमठ साधारण १९०० मीटरवर आहे. तिथून बद्रीनाथला गाडी थेट वर जाते, उंची ३१०० मीटरच्या आसपास. दर्शन करून संध्याकाळी जोशीमठला झोपायला परत यायचे. एवढ्या प्रवासाला मी 'हो' म्हणेन. हा प्रवास अंगाला मानवला, जिन्यावर दम लागला नाही, तर पुढच्या वर्षी केदारनाथचा विचार करता येईल. केदारनाथचे दरवाजे भाऊबीजेला बंद होतात, तोवर पावसाळ्यानंतरचे पाच-सहा आठवडे हातात असतात. तेव्हा गर्दी कमी असते आणि दरडींचा धोकाही ओसरलेला असतो. थंडी मात्र वाढलेली असते, कानटोपी आणि मफलर हातात ठेवू नका, पहाटे बाहेर पडायच्या आधीच घालायला लावा. थंड हवेने रक्तवाहिन्या आकसतात आणि छातीतले दुखणे पहाटेच्या थंडीतच जास्त डोके वर काढते.

कुंडातल्या स्नानाबद्दल कोणी विचारत नाही, म्हणून आपणहून सांगतो. बद्रीनाथच्या तप्तकुंडाचे पाणी चांगलेच कढत असते. त्यात पाच मिनिटे बसले की रक्तवाहिन्या सैल पडतात, रक्तदाब उतरतो. बाबांना बीपीच्या आणि हृदयाच्या ज्या गोळ्या आहेत, त्याही हेच करतात. मग कुंडातून झटकन उठून गार वाऱ्यात पायऱ्या चढताना चक्कर येऊन पडायची भीती असते, आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांवर असलेल्या माणसाने डोक्यावर पडणे फार महागात जाते. उलट गंगोत्रीच्या बर्फगार पाण्यात बुडी मारली तर बीपी आणि नाडी एकदम उसळतात. बाबांनी दोन्हीकडे हातपाय धुऊन तांब्याने पाणी अंगावर शिंपडून घ्यावे. आमच्या आजीने प्रोक्षणालाच स्नानाचे पुण्य दिले असते.

औषधांवर जरा जास्त बोलतो. सहलीत माणसे उंचीपेक्षा गोळ्यांच्या गोंधळाने जास्त आजारी पडतात, असे माझे बावीस वर्षांचे निरीक्षण आहे. स्टेंटनंतर अॅस्पिरिन आणि त्याच्या जोडीला क्लोपिडोग्रेल किंवा टिकाग्रेलर अशा दोन गोळ्या असतात. अटॅकनंतरच्या स्टेंटला ही जोडी साधारण वर्षभर चालते. त्यातली एकही गोळी एक दिवसही चुकता कामा नये. चुकली तर स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते, आणि डोंगरात तसे झाले तर कॅथलॅब, म्हणजे अँजिओप्लास्टी करायची जागा, कित्येक तास दूर असते. टिकाग्रेलर दिवसातून दोनदा असते, संध्याकाळची गोळी बसमध्ये विसरते. म्हणून गोळ्या कधीही डिकीतल्या किंवा टपावरच्या मोठ्या बॅगेत नकोत. अंगावरच्या पिशवीत बाबांकडे एक संच, आईंच्या पर्समध्ये दुसरा, दोन्हीत सहलीपेक्षा आठवडाभर जास्तीच्या गोळ्या. दरडीने रस्ता तीन दिवस बंद राहणे तिथे नवीन नाही.

दुसरी चूक पाण्याच्या, म्हणजे लघवी वाढवून अंगातले जास्तीचे पाणी काढणाऱ्या गोळीची. माझ्या एक पेशंट आहेत, साठीच्या, पंपिंग कमी असलेल्या. महिला मंडळाबरोबर बसने सहलीला गेल्या. वाटेत स्वच्छतागृह मिळत नाही म्हणून त्यांनी लघवीची गोळी बंद केली. कोणाला सांगितले नाही, संकोच वाटला. बसमध्ये दिवसभर चिवडा, शेव, लोणचे, चटपटीत काहीतरी चालूच. चौथ्या रात्री आडवे पडता येईना, उठून बसले की बरे वाटायचे, पायांवर सूज. बाकीच्या बायकांना वाटले थंडी बाधली. त्या वाचल्या, कारण त्यांच्यातल्या एकीने नवऱ्याच्या आजारपणात हेच सगळे पाहिले होते आणि ती हट्टाने त्यांना दवाखान्यात घेऊन गेली. बायका ही गोळी टाळतात ते निष्काळजीपणाने टाळत नाहीत, आपल्या रस्त्यांवर त्यांना जायला जागा नसते म्हणून टाळतात. त्याला उपाय आहे. गोळी दुपारी मुक्कामाला पोहोचल्यावर घ्यायची की सकाळीच लवकर घ्यायची, हे आपल्या डॉक्टरांशी आधी ठरवा. वेळ बदलता येते, गोळी बंद करता येत नाही. बाबांनाही ही गोळी असेल तर रोज सकाळी वजन करायची सवय आतापासून लावा. दोन दिवसांत दोन किलो वाढले तर ते पाणी असते.

उंचीसाठी म्हणून व्हॉट्सअॅपवरून सुचवली जाणारी डायमॉक्स बाबांना परस्पर देऊ नका. तीही लघवी वाढवते, आणि आधीची पाण्याची गोळी चालू असेल तर पोटॅशियम घसरून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. द्यायची का, किती, हे त्यांचे डॉक्टर ठरवतील. दुकानात मिळणाऱ्या ऑक्सिजनच्या हलक्या डब्यांवरही विसंबू नका. ते काही मिनिटांत संपतात आणि "डबा आहे ना" म्हणून माणूस वरच थांबतो. वर दम लागला, खोकला थांबेना, बसल्याजागी धाप लागली, तर फुप्फुसात पाणी होत आहे की हृदय थकले आहे, याची चर्चा करत बसू नका. दोन्हींत पहिली गोष्ट एकच, खाली उतरायचे, आणि तेही बाबांना चालायला न लावता.

मधुमेहामुळे आणखी दोन गोष्टी. उपवास करून दर्शन हा बेत नको. साखरेची गोळी किंवा इन्सुलिन घेऊन उपाशी राहिले की साखर उतरते, आणि हृदयासाठी जी नाडी कमी ठेवणारी गोळी असते ती साखर उतरल्याची धडधड झाकून टाकते. घाम तेवढा येतो, तो ओळखायला शिका. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. मधुमेही माणसाला अटॅकमध्ये छातीत दुखेलच असे नाही. नुसता गार घाम, मळमळ, एकाएकी गळून जाणे, विनाकारण दम, एवढेच असू शकते. सहलीत हे सगळे "काल रात्रीचे पराठे बाधले" यात जमा होते. एक अटॅक येऊन गेलेल्या माणसाच्या बाबतीत नाभीपासून जबड्यापर्यंतची कोणतीही नवी तक्रार, ईसीजी निघेपर्यंत गॅस म्हणायची नाही.

तसे झाले तर बाबांना जिथे असतील तिथे बसवा. उभे ठेवू नका, चालवू नका, हॉटेलपर्यंत नेऊ नका. जिभेखालची सॉर्बिट्रेट ५ मिलिग्रॅमची एक गोळी, बसलेल्या अवस्थेतच. चक्कर येत असेल किंवा बीपी फार कमी असेल तर ती देऊ नका, आणि सिल्डेनाफिलसारखी (लैंगिक ताकदीसाठीची) गोळी आदल्या दोन दिवसांत घेतली असेल तरी देऊ नका. हे बाबांना खासगीत विचारून ठेवा, मुलीला विचारणे अवघड असेल तर जावयाने किंवा भावाने विचारावे. पाच मिनिटांत पूर्ण आराम पडला नाही तर १०८ ला फोन. हा क्रमांक महाराष्ट्राप्रमाणे उत्तराखंडातही चालतो. अॅस्पिरिनची अॅलर्जी नसेल आणि कुठून रक्तस्राव होत नसेल, तर ३०० मिलिग्रॅम अॅस्पिरिन चावून खायला द्या. मग मोठ्या शहराच्या ओढीने पाच तास गाडी पळवण्याआधी जवळच्या ज्या दवाखान्यात ईसीजी निघतो तिथे जा. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन लहान रुग्णालयातही देता येते, आणि पहिल्या तासा-दोन तासांत दिलेले असले की स्नायू वाचतो. पुढे ऋषिकेशच्या एम्ससारख्या ठिकाणी हलवायचे का, ते तिथले डॉक्टर सांगतील.

यासाठीच बाबांच्या शेवटच्या ईसीजीची झेरॉक्स जवळ हवी. अटॅक येऊन गेलेल्या माणसाचा ईसीजी नेहमीसाठी थोडा बदललेला असतो. अनोळखी डॉक्टरला जुना ईसीजी शेजारी ठेवून बघता आला तर आजचा बदल कोणता ते दोन मिनिटांत कळते. त्याच्याबरोबर डिस्चार्ज कार्ड, म्हणजे स्टेंट कोणत्या नळीत आहेत ते समजेल, आणि गोळ्यांची यादी. नावे कंपनीची नकोत, औषधाची हवीत. मोबाइलमध्ये फोटो ठेवाच, पण कागदही ठेवा. थंडीत बॅटरी लवकर उतरते आणि डोंगरात रेंज कुठे जाईल सांगता येत नाही. हरिद्वारपर्यंत रेल्वेने जाणार असाल तर ज्येष्ठांच्या कोट्यातून खालचा बर्थ घ्या. धावत्या गाडीत काही झाले तर १३९ वर कळवता येते.

न्यू जर्सीचे थोडक्यात. विमानाच्या आत हवेचा दाब १८०० ते २४०० मीटर उंचीवर असतो तसा ठेवलेला असतो, आणि माणूस खुर्चीत बसलेला असतो. अटॅकनंतर दहा महिन्यांनी, त्रास नसताना, हे चालते. तिथे खरा प्रश्न पंधरा-सोळा तास पाय लोंबकळत ठेवण्याचा. आतल्या बाजूची, मार्गिकेला लागून असलेली सीट घ्या, दर तासा-दीड तासाने उठून फेरी मारायची, पोटऱ्या हलवायच्या. विमानतळावर व्हीलचेअर मागायला लाजू नका, लांबलचक गेटपर्यंत बॅग ओढत धावणे उडण्यापेक्षा जास्त दमवते. स्टेंटमुळे मेटल डिटेक्टर वाजत नाही. टिकाग्रेलर चालू असेल तर वेळेचे गणित सोपे आहे: हिवाळ्यात तिथले घड्याळ साडेदहा तास मागे, म्हणजे आपल्या सकाळ-रात्रीचे ८ तिथे रात्री-सकाळचे साडेनऊ होतात. बारा तासांचे अंतर न मोडता तीच वेळ चालू ठेवा. प्रवास विमा काढताना अटॅक आणि मधुमेह दोन्ही लिहा. लपवले तर दावा नाकारला जातो, आणि अमेरिकेतले एका रात्रीचे बिल घर विकायला लावते.

आईंना 'नाही' सांगायचे तर त्याबरोबर काहीतरी 'हो' असू द्या. मे महिन्यात दोघांना महाबळेश्वरला न्या. उंची १३५० मीटरच्या आसपास, हृदयाला ती जाणवणार नाही, आणि जवळच वाई आहे. किंवा वणीला सप्तशृंगीला, तिथे आता फ्युनिक्युलर ट्रॉली आहे. गिरनारचा विषय निघाला तर मात्र एक लक्षात ठेवा: रोपवे अंबाजीपर्यंतच जातो, दत्तशिखरापर्यंत पुढेही हजारो पायऱ्या उरतात.

आणि टूर कंपनीला आजच फोन करा. डॉक्टरांचे पत्र दिले की बऱ्याच जणांकडे तारीख पुढे ढकलून मिळते. पत्रात "प्रवासास अयोग्य" एवढेच मोघम लिहून घेऊ नका. अटॅकची तारीख, अँजिओप्लास्टीची तारीख आणि "२५०० मीटरपेक्षा अधिक उंचीवर सहा महिने जाऊ नये" असे स्पष्ट लिहून मागा. जुलैच्या शेवटी इको, टीएमटी आणि हिमोग्लोबिन करून घ्या, आणि ते रिपोर्ट बाबांच्या डॉक्टरांना दाखवल्यावरच जोशीमठच्या खोल्या बुक करा.